सदरलँड स्प्रिंग्ज: बायकोला मारल्याची शिक्षा झालेल्या सैनिकाला बंदूक मिळाली कशी?

शर्वरी_सॅनअँटोनिओ

सॅन अँटोनिओच्या पूर्वेला साधारण ५० किलोमीटरवर सदरलँड स्प्रिंग्ज नावाची वस्ती आहे. पाच-सहाशे माणसं, एक चर्च, एक पेट्रोल पंप. ५ नोव्हेंबर २०१७ ला रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी त्या चर्चमध्ये एका माणसाने रायफलने गोळीबार केला. २६ जीव गेले, त्यात आईच्या पोटातलं एक बाळही मोजलंय. २२ जण जखमी झाले. मारणारा हवाई दलातून काढून टाकलेला होता.

एवढं तेव्हा सगळ्यांनीच वाचलं असेल. पुढे कोर्टात जे बाहेर आलं ते मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

हा माणूस न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर नोकरीला होता. २०१२ मध्ये त्याचं जनरल कोर्ट मार्शल झालं. बायकोला मारहाण, आणि लहानग्या सावत्र मुलाला इतकं मारलं की कवटीला तडा गेला. त्याने गुन्हा कबूल केला. वर्षभराची कैद आणि बॅड कंडक्ट डिस्चार्ज (गैरवर्तनाबद्दल बडतर्फी) अशी शिक्षा झाली. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला जन्मभर बंदूक विकत घेता येत नाही. तरी सुटून आल्यावर त्याने परवाना असलेल्या दुकानांतून, रीतसर फॉर्म भरून, बंदुका घेतल्या. दुकानदारांनी बॅकग्राउंड चेक केला. संगणकावर त्याच्याविरुद्ध काही आलं नाही, कारण हवाई दलाने त्याच्या बोटांचे ठसे आणि कोर्ट मार्शलचा निकाल एफबीआयला पाठवलाच नव्हता.

मला याचा राग आजही येतो. कायदा होता, शिक्षा झाली होती, यंत्रणा होती. राहिलं होतं फक्त पाठवायचं. घरातल्या बाईला मारणं फौजेत कुणाला गंभीर वाटलंच नाही, म्हणून हे झालं असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं? जबाबदार कोण?

---

अभय द.

वाचून सुन्न झालो. एक शंका: कुणाचा तरी कागद टेबलावर राहून गेला, असं एकाच केसमध्ये होऊ शकतं. त्यावरून 'फौजेला गंभीर वाटत नाही' हा निष्कर्ष काढता येईल का?

---

अॅड. मीनल

अभय, एकाच केसमध्ये झालं असतं तर तुमचं बरोबर होतं. घटनेनंतर महिनाभरातच, डिसेंबर २०१७ मध्ये, पेंटागॉनच्याच इन्स्पेक्टर जनरलचा, म्हणजे खात्यांतर्गत तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, अहवाल आला. त्यात २०१५ आणि २०१६ मध्ये सर्व दलांत मिळून दोषी ठरलेल्या २,५०२ जणांच्या नोंदी तपासल्या होत्या. ६०१ जणांचे ठसे एफबीआयकडे पोचले नव्हते आणि ७८० जणांच्या निकालाचा अहवाल पोचला नव्हता. म्हणजे चारातल्या एकाचे ठसे नाहीत आणि जवळजवळ तिघांतल्या एकाचा निकाल नाही. हीच त्रुटी त्याच कार्यालयाने १९९७ मध्येही दाखवली होती. वीस वर्षांत कुणी हललं नाही.

---

शर्वरी_सॅनअँटोनिओ

धन्यवाद मीनलताई. त्या माणसाच्या प्रकरणावर २०१८ च्या शेवटी वेगळा अहवाल आला. ठसे पाठवायच्या चार संधी होत्या आणि निकाल पाठवायच्या दोन. सहाच्या सहा गेल्या.

---

रोखठोक_रवी

मी ह्यूस्टनजवळ राहतो, माझ्याकडे बंदूक आहे, आणि मी दुसरी बाजू मांडणार आहे. राग मानू नका.

एक, त्या दिवशी त्याला थांबवलं ते चर्चजवळ राहणाऱ्या एका माणसाने, स्वतःची रायफल घेऊन. अनवाणी धावत आला होता तो. पोलीस पोचेपर्यंत वाट बघितली असती तर आकडा आणखी वाढला असता. दोन, टेक्सासात खासगी माणसाने खासगी माणसाला बंदूक विकली तर बॅकग्राउंड चेक करावाच असं बंधन नाही. ज्याच्या डोक्यात खून शिरलाय त्याला दुकानात 'नाही' म्हटलं तर तो दुसरीकडे जाईल. मग सगळं खापर हवाई दलाच्या कारकुनावर फोडून काय साधणार?

---

मृदुला

रवी, शेजाऱ्याच्या धैर्याबद्दल दुमत नाहीच. पण तो पोचला तेव्हा आत माणसं मरून पडली होती.

---

अॅड. मीनल

रवी, तुमचा दुसरा मुद्दा जसाच्या तसा अमेरिकी सरकारने कोर्टात मांडला होता. ठसे पाठवले असते तरी त्याने कुठूनतरी बंदूक मिळवली असतीच, म्हणून आमची चूक मृत्यूंना कारणीभूत नाही, असा बचाव होता. सॅन अँटोनिओच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश झेवियर रॉड्रिग्ज यांनी पुरावा ऐकून तो फेटाळला. जुलै २०२१ मध्ये निकाल दिला की या हत्याकांडाची ६० टक्के जबाबदारी हवाई दलाची आणि ४० टक्के मारणाऱ्याची. हा माणूस काय करू शकतो हे सरकारला जितकं माहीत होतं तितकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं, त्याच्या आईवडिलांनाही नाही, हे त्या निकालाचं मर्म आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये २३ कोटी डॉलरच्या वर भरपाई ठरली. न्यायखात्याने अपील केलं. त्यावर बंदूक-नियंत्रणवाल्या संघटना भडकल्या, कारण बॅकग्राउंड चेकचा उपयोग होतोच असं नाही, हा युक्तिवाद बायडन सरकारचंच खातं करत होतं. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये १४ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

---

हेमंत_नाशिक

६०-४० हे उलटं वाटतं. चाप ओढणाऱ्यापेक्षा कागद न पाठवणारा जास्त दोषी?

---

अॅड. मीनल

फौजदारी दोष वेगळा. त्यात तो एकटाच होता, आणि तो त्याच दिवशी मेला. ही दिवाणी केस होती. कोणावर कोणतं कर्तव्य होतं आणि ते पाळलं असतं तर हानी टळण्याची शक्यता किती, हे त्यात बघतात. आपल्याकडे रेल्वे फाटक उघडं ठेवल्याच्या दाव्यात हीच चर्चा होते.

---

प्रथमेश_आर्मी

मी यूएस आर्मीत आहे. मूळचा डोंबिवलीचा. आतून कसं दिसतं ते थोडं सांगतो. इथलं सगळं माझं वैयक्तिक मत आहे.

बायकोला मारल्याची शिक्षा झालेल्याला बंदूक बाळगायला बंदी घालणारा कायदा १९९६ चा, त्याला सगळे लॉटनबर्ग म्हणतात, न्यू जर्सीच्या सेनेटरच्या नावावरून. त्याआधी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांवरच बंदी होती. पण बायकोला मारल्याची केस बहुतेक वेळा किरकोळ गुन्ह्यात मिटवली जायची, आणि माणूस बंदूक राखून असायचा. लॉटनबर्गने ती फट बुजवली. मुख्य म्हणजे पोलीस आणि सैनिक यांना सूट दिली नाही. ड्युटीवरची बंदूकसुद्धा बंद. जुन्या शिक्षाही धरल्या. त्यामुळे कित्येकांना नोकरी बदलावी लागली. आम्हाला एक फॉर्म भरून लिहून द्यावं लागतं की अशी शिक्षा झालेली नाही.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). मनाई लागू झालेला सैनिक पिस्तूल किंवा रायफल हातात घेऊ शकत नाही, पण संरक्षण खात्याच्या धोरणात रणगाडा, विमान, क्षेपणास्त्र अशा मोठ्या शस्त्रांना ती लागू नाही. आणि कोर्टाचा संरक्षण आदेश असेल, शिक्षा नसेल, तर खासगी बंदूक जाते पण सरकारी कामासाठी दिलेली बंदूक ठेवता येते.

---

माजी_सुभेदार_सातारा

प्रथमेश, जय हिंद. तुमच्याकडे सैनिक स्वतःची बंदूक क्वार्टरमध्ये ठेवतो का?

---

प्रथमेश_आर्मी

जय हिंद सुभेदारसाहेब. बराकीत राहणाऱ्याला खासगी बंदूकही शस्त्रागारात जमा करावी लागते. तळावरच्या फॅमिली क्वार्टरमध्ये नोंदणी करून ठेवता येते, नियम तळागणिक थोडे वेगळे. तळाबाहेर भाड्याने राहणारा मात्र त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ठेवतो, आणि बरेच जण बाहेरच राहतात.

---

माजी_सुभेदार_सातारा

आपल्याकडे ड्युटी संपली की हत्यार कोतात (शस्त्रागारात) जमा, नंबर टाकून, सही करून. घरी काही येत नाही. घरी येते ती रिटायर झाल्यावर लायसनवर घेतलेली बारा बोअर, कारण बँकेत नाहीतर एटीएमच्या गाडीवर गार्डची नोकरी त्याच्याशिवाय मिळत नाही. माझ्या ओळखीत एकजण दारूत घरच्यांवर बंदूक रोखायचा. बायको बिचारी गावात सांगायला लाजायची. शेवटी तिच्या भावाने पोलीस पाटलाला गाठलं, मग ठाण्यात बंदूक जमा झाली. गावात ओरड झाली की पेन्शनर माणसाचं पोट मारलं. मी तेव्हा तिच्या भावाच्या बाजूने उभा राहिलो आणि आजही राहीन.

---

मृदुला

सुभेदारकाका, तुमच्यासारखी माणसं गावागावात हवीत.

---

अॅड. मीनल

काकांच्या अनुभवाला कायद्याची जोड देते. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ९ आहे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. शिवाय परवाना देणारा अधिकारी, म्हणजे जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणाने परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतो. त्यासाठी शिक्षाच व्हायला हवी असं नाही. त्यामुळे घरात परवान्याची बंदूक असेल आणि धमकी दिली जात असेल तर पोलीस ठाण्यातल्या तक्रारीसोबत जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी अर्ज द्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करताना घरात शस्त्र आहे हे संरक्षण अधिकाऱ्याला ठळकपणे सांगा. बायका ही गोष्ट सांगायची विसरतात किंवा घाबरून टाळतात.

---

टिवल्याबावल्या

अमेरिकेत आल्यापासून माझे ठसे इतक्यांदा घेतलेत की माझ्या बोटांपेक्षा सरकारलाच ते जास्त पाठ असतील. एका साध्या इंजिनियरचे ठसे हरवत नाहीत, आणि कोर्ट मार्शल झालेल्याचे जातच नाहीत!

---

हेमंत_नाशिक

+१. पण धागा भरकटायच्या आत विचारतो, फौजेने पाठवलं नाही म्हणजे नेमकं काय घडलं? आळस की मुद्दाम?

---

निखिल_डेटा

मुद्दाम असं कुठे सिद्ध झालेलं नाही. यंत्रणा कशी चालते ते बघितलं की अंदाज येतो.

दुकानदार गिऱ्हाईकाकडून ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घेतो आणि एफबीआयच्या निक्स यंत्रणेला विचारतो. ही यंत्रणा नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे, १९९३ च्या ब्रेडी कायद्यातून आलेली. ती स्वतः काही शोधत नाही, तीन साठ्यांत नाव आहे का तेवढं बघते. साठ्यात माहिती भरायचं काम राज्यं, कोर्टं, फौज यांचं. नावावर काही शंका आली आणि तीन कामाच्या दिवसांत उलगडा झाला नाही, तर दुकानदार विक्री करू शकतो. इथे तर शंकाही आली नाही. फॉर्मवर 'कौटुंबिक हिंसाचाराची शिक्षा झाली आहे का' असा सरळ प्रश्न असतो. त्याने 'नाही' लिहिलं. ते खोटं आहे हे ओळखायला फौजेचा कागद हाच एक पुरावा होता.

मुलकी पोलीस ठाण्यात अटक झाली की तिथेच ठसे घेतात आणि ते पुढे जातात. फौजेत चौकशी वेगळ्या शाखेकडे, अटक बऱ्याचदा नसतेच, खटला कमांडरच्या अखत्यारीत आणि निकाल तिसऱ्या कार्यालयाकडे. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने पाठवलं असेल.

आणखी एक. टेक्सासने त्याला पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना नाकारला होता, असं गव्हर्नर अॅबट यांनी सांगितलं होतं. तो नकार दुकानातल्या खरेदीला आडवा आला नाही.

---

जुई_फेएटव्हिल

शर्वरी, तुझा मूळ प्रश्न सगळे जरा विसरलेत, म्हणून लिहिते. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळाच्या गावात राहते आणि आपल्याकडच्या बायकांना मदत करणाऱ्या एका गटात काम करते.

२००२ च्या उन्हाळ्यात इथे चार सैनिकांनी सहा आठवड्यांच्या आत आपापल्या बायकांना मारलं. त्यातले तिघे अफगाणिस्तानातून परत आलेले होते. तेव्हा लोकांनी मलेरियाच्या गोळ्यांपासून युद्धाच्या ताणापर्यंत सगळ्याला दोष दिला. बायकांना त्याआधी घरात काय सोसावं लागत होतं, आणि त्या कुठे जाऊ शकल्या असत्या, यावर बोलणारे कमी होते.

तळावरच्या बाईची परिस्थिती समजून घ्या. घर फौजेचं, दवाखाना फौजेचा, पगार त्याच्या खात्यात, शेजारीण त्याच्या हाताखालच्या माणसाची बायको. तक्रार कुणाकडे, तर त्याच्याच कमांडरकडे. त्याची नोकरी गेली की तिचं छप्पर जातं, आणि परदेशातून लग्न करून आलेली असेल तर व्हिसाची भीती वेगळीच. अशात ती गप्प बसते. बोललीच तर प्रकरण फॅमिली अॅडव्होकसी नावाच्या विभागाकडे जातं. तिथली समिती 'हिंसा झाली' असं ठरवते, त्याला समुपदेशनाला पाठवते. पण तो कोर्टाचा निकाल नव्हे, त्यामुळे बंदुकीच्या तपासणीत त्याचा काही उपयोग नाही. कमांडरने खात्यांतर्गत शिक्षा दिली, पगार कापला, रँक उतरवली, तरी तेच. फौजेचा संरक्षण आदेश कमांडर देतो, तिथे सुनावणी नसते, म्हणून तोही बंदूक विकत घेण्याच्या आड येत नाही.

म्हणजे सदरलँड स्प्रिंग्जचा माणूस त्या थोड्यांतला होता ज्याचं प्रकरण कोर्ट मार्शलपर्यंत गेलं. तिथेही नोंद पोचली नाही. ज्यांचं प्रकरण तिथवर जातच नाही त्यांची यादी कुणी करायची?

---

अभय द.

जुई, हे वाचल्यावर माझी पहिली शंका मी मागे घेतो. कोर्ट मार्शलमध्ये 'कौटुंबिक हिंसाचार' असा वेगळा गुन्हा असतो का, की साधी मारहाण म्हणून लिहितात? तसं असेल तर नोंद बघणाऱ्याला कळणार कसं?

---

प्रथमेश_आर्मी

नेमका प्रश्न. २०१८ पर्यंत वेगळा गुन्हाच नव्हता, लष्करी कायद्यातलं मारहाणीचं १२८ कलम लागायचं. त्या वर्षी संसदेने १२८-ब हे कलम घातलं, कौटुंबिक हिंसाचारासाठी. सदरलँड स्प्रिंग्जनंतरचा हा बदल. मार्च २०१८ मध्ये फिक्स निक्स कायदाही झाला. टेक्सासचे रिपब्लिकन कॉर्निन आणि कनेक्टिकटचे डेमोक्रॅट मर्फी यांनी मिळून आणला. सगळ्या केंद्रीय खात्यांनी नोंदी कशा पाठवणार याचा आराखडा द्यायचा आणि दर सहा महिन्यांनी हिशेब द्यायचा.

---

रोखठोक_रवी

फिक्स निक्सला माझा पाठिंबा होता आणि आहे. आहे तो कायदा पाळा, नवा नको, ही आमच्यासारख्यांची मागणी होतीच. पण जुईताईंनी जी यादी सांगितली, समितीने ठरवलेली, कमांडरने ठरवलेली, तिच्यावरून कुणाची बंदूक कायमची काढू नये. वकील नाही, सुनावणी नाही, मग हक्क कसा काढणार?

---

जुई_फेएटव्हिल

रवी, कायमची काढा असं मी म्हणत नाही. ती सामान बांधून निघते ते आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. तेवढ्या काळासाठी, लवकर सुनावणी घेऊन, बंदूक दुसरीकडे ठेवावी.

---

अॅड. मीनल

याच वादावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा जून २०२४ चा रहीमी निकाल आहे, तोही टेक्सासचाच. सुनावणीनंतर कोर्टाने संरक्षण आदेश दिला असेल आणि माणूस धोकादायक ठरला असेल, तर तात्पुरती बंदूकबंदी घटनेत बसते, असं ८ विरुद्ध १ ने ठरलं. रवींचा सुनावणीचा आग्रह आणि जुईचं म्हणणं, दोन्ही त्यात सामावतात. कमांडरचा आदेश त्यात येत नाही, म्हणून तळावरच्या बाईने मुलकी कोर्टाचा आदेशही घ्यावा.

---

मृदुला

चर्चच का, हे कुणी लिहिलं नाही.

---

शर्वरी_सॅनअँटोनिओ

मृदुला, ते त्याच्या दुसऱ्या बायकोच्या माहेरचं चर्च. सासूला त्याने धमकीचे संदेश पाठवले होते. त्या दिवशी ती तिथे नव्हती, पण बायकोची आजी होती. ती गोळीबारात मारली गेली. म्हणून मला हे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घरातल्या हिंसेचंच वाटतं. २०१२ ची बायको, ते मूल, आणि २०१७ चं चर्च, मध्ये पाच वर्षं आहेत एवढंच. अधूनमधून कुणी मला सांगतं की तो वेडा होता. त्याने कोणाला मारलं, कोणाला धमकावलं, ते बघा ना.

अभय आणि हेमंत, जबाबदार कोण याचं माझं उत्तर रॉड्रिग्जसाहेबांसारखंच आहे. फक्त कारकून मात्र माझ्या मनात नाही. १९९७ चा अहवाल ज्यांच्या टेबलावर आला आणि ज्यांना वरून हुकूम सोडता आला असता, ते अधिकारी आहेत.

---

निशा_न_सांगता

बरेच दिवस नुसती वाचते इथे. जुईताई, माझ्या एका मैत्रिणीचा नवरा नौदलात आहे. तिला मदत हवी आहे पण त्याच्या वरिष्ठांना कळायला नको. असं काही होऊ शकतं का? ती ग्रीन कार्डावर आहे.

---

जुई_फेएटव्हिल

निशा, हो, होऊ शकतं. फौजेत दोन प्रकारे तक्रार देता येते. मर्यादित तक्रार दिली तर तिला वैद्यकीय मदत, समुपदेशन आणि तिच्या बाजूने बोलणारी व्यक्ती मिळते, कमांडरला कळवत नाहीत. जिवाला लगेच धोका असेल किंवा मुलांना मारहाण असेल तर मात्र ते गुप्त राहत नाही. तिने त्याविषयी कुणाशी बोलावं हेही महत्त्वाचं: पीडितांसाठी नेमलेली अॅडव्होकेट, डॉक्टर. शेजारणीशी किंवा त्याच्या युनिटमधल्या कुणाशी नको. आधीच पोलिसांपर्यंत गेलं असेल तर मर्यादित तक्रारीचा पर्याय सहसा राहत नाही.

ग्रीन कार्ड त्याच्या हातात नाही हे तिला आधी सांग. दोन वर्षांचं सशर्त कार्ड असेल तरी मारहाणीच्या कारणाने त्याच्या सहीशिवाय ती अट काढायचा अर्ज करता येतो. त्याला मारहाणीमुळे फौजेतून काढलं तर तिला १२ ते ३६ महिने फौजेकडून भत्ता मिळायची सोय आहे, ही गोष्ट बहुतेक बायकांना कुणी सांगतच नाही.

घरात बंदूक आहे का, ते विचार. असेल तर तो घरी नसताना मला निरोप कर, मी लगेच फोन करते.

---

निशा_न_सांगता

आहे. निरोप पाठवला आहे.